मंदाताईचं ताट

देवरीला दुकानाचं शटर वर करत होतो, तेव्हा फोन आला. गोंदियाहून मंदाताईच्या शेजारीणबाई बोलत होत्या. "भैया, दीदी उठ नहीं रही हैं…" एवढंच म्हणून त्या रडायला लागल्या. शटर अर्धवट ठेवून मी बस धरली. पाच आठवडे झाले त्याला. खिडकीतून जंगल मागे सरत होतं, मोहाचा गोड वास येत होता, आणि मला आपलं वाटत होतं की पोचलो की ताई दारात उभी असेल… अख्खं दार भरून.

मंदाताई माझी थोरली बहीण. गोंदियातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची, खोली घेऊन एकटीच राहायची. आमच्या गावी, कामठ्याला, लहानपणी ती काडीसारखी होती. धानाच्या बांधीतून माझ्यापुढे पळायची, मला कधी सापडली नाही. १९९९च्या पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला, बरा होऊन पुन्हा उलटला. गोळ्यांवर गोळ्या झाल्या. औषधाचं दुकान माझंच, मीच नेऊन द्यायचो. ताई वाचली, पण त्यानंतर तिचं अंग भरत गेलं, ते भरतच गेलं. ठरत आलेलं लग्न मोडलं. तिनं भात सोडला, पहाटे मैलोगणती चालली, काटा काही हलेना. पंगतीत बायका तिच्या ताटाकडे बघायच्या. मग तिनं पंगतीत बसणंच सोडलं. सगळ्यांना वाढायची, आणि सगळे उठले की मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून दोन घास खायची.

२००३च्या उन्हाळी सुट्टीत मी तिला देवरीला आणलं. म्हटलं, महिनाभर मीच वाढतो. एक पोळी, वरण, काकडी. ती मुकाट्यानं खायची आणि दुपारी कडुनिंबाखाली बाजेवर पडून पानांतून आभाळ बघायची. एकदा म्हणाली, "बाबू, सपनात आईच्या हातचा भात दिसून राह्यला." महिन्यानं दुकानातल्या काट्यावर तिला उभं केलं. एक किलो उतरला होता. फक्त एक. दोन गिऱ्हाइकं समोर होती, तरी माझ्या तोंडून गेलं, "लपून खाल्लं ना तू?"

तिनं चप्पल घातली आणि बसस्टँडकडे चालायला लागली. माझ्या बायकोनं बांधलेला डबा ओट्यावरच राहिला. नंतर सात वर्षं ताई माझ्या घरी आली नाही. राखी पोस्टानं यायची.

मग एका रविवारी तिचाच फोन. "शाळेत ये. एक चीज दाखवाची हाये." प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. दुपारचं ऊन बाकांवर आडवं पसरलं होतं. रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, आमच्याकडे त्याला बासी म्हणतात, त्याच्या आंबूस पाण्याचा थेंब तिनं काचेवर घेतला आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात बारीक बारीक काड्या… काही तरंगत होत्या, काही जागच्या जागी थरथरत होत्या. आभाळातून कोणाचं तरी शेत पाहावं तसं वाटलं.

"असे लय जीव आपल्या पोटात हायेत," ताई मागून हळू बोलत होती. "तेच अन्न फोडतेत. एकाच हंडीतला भात, पर तुया पोटात येगळे, माया पोटात येगळे. कोणाच्या अंगाले काय लागते, ते थोडं त्यायच्यावर बी रायते म्हणे."

"टायफॉइडच्या गोळ्यांनी तुझ्यातले मेले असतील?"

"असू शकते. पक्कं कोणाले मालूम?" मग म्हणाली, "पर मी चोरून खाल्लं नव्हतं, बाबू."

मला डोळा वर उचलवेना. "मालूम आहे," एवढंच म्हणालो. माफी मागायची होती, ती राहूनच गेली…

ताई त्यानंतर पुन्हा भात खायला लागली. बासी, आंबील, पालेभाजी. चार-पाच किलो उतरले आणि काटा परत अडला. तिनं मग काट्यावर चढणंच सोडलं. पुढच्याच वर्षी सौंदडला भाचीच्या लग्नात ती पंगतीत बसली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. मामीनं टोकलंच, "मंदे, आणखी भात कायले घेऊन राह्यली?" ताईनं वाढप्यापुढे ताट सरकवलं. "मामी, मी एकटी नाही जेवून राह्यली. पोटात अख्खं गाव हाये. त्यायले उपाशी काऊन ठेवू?" पंगत हसली, मामीही हसली. मी समोरच्या ओळीत होतो. ताई सावकाश, डोळे अर्धवट मिटून जेवत होती.

त्या दिवशी बसनं पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. अंत्ययात्रेत कोणीतरी कुजबुजलं, "वजनच तेवढं होतं." असेलही. मी भांडलो नाही.

तेरवी झाल्यावर आम्ही तिची खोली आवरत होतो, तेव्हा शेजारीणबाई स्टीलची झाकणाची वाटी घेऊन आल्या. ताईचं विरजण. तेरा दिवस त्यांनी ते आपल्या दुधात लावून जितं ठेवलं होतं. "दीदी का है, ले जाइए." बायकोनं ती वाटी देवरीपर्यंत मांडीवर धरून आणली. आता संध्याकाळी दूध कोमट झालं की मी बोट बुडवून बघतो, चमचाभर विरजण घालतो, वाटी कापडात गुंडाळतो. सकाळी दही लागलेलं असतं. त्यातलं चमचाभर आधी बाजूला काढायचं आणि मगच जेवायला बसायचं, हे काम मी कोणाला करू देत नाही. एक दिवस विसरलो तर संपलं. अजून विसरलो नाही.