पोट दुखतानाही हसणारी बाहुली

पडद्यावर लाल फुली आली आणि अख्खा हॉल हसला. हसणं मला ऐकू येत नाही. उघडी तोंडं दिसतात.

नाशिकच्या आमच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत मी मदतनीस शिक्षिका. जन्माची बहिरी. त्या दिवशी शिक्षकांची खुणांच्या भाषेची परीक्षा होती. मुलांनाही बघायला बसवलेलं. परीक्षा घेणारी कोण, तर पडद्यावरची कॉम्प्युटरची बाहुली; पुढे तीच वर्गात मुलांना शिकवणार. ती खूण करणार, आपण कॅमेऱ्यासमोर तशीच करायची. मी ‘पोट दुखतंय’ केलं आणि नापास झाले. बाहुली बनवणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी मोबाइलवर लिहून पुढे धरलं, “ताई, चेहरा वाकडा करू नका. बाहुलीसारखं करा.”

बाहुलीसारखं म्हणे. तिचे हात माझेच होते. गेल्या वर्षी आठ दिवस हालचाल टिपणारे तारांचे हातमोजे घालून मीच यांना सगळ्या खुणा करून दिल्या. आमच्या भाषेत चेहराही हातांइतकाच बोलतो. यांनी हात घेतले, चेहरा टाकून दिला. वर बाहुली गोरीपान केली. का, असं विचारलं तेव्हा साहेबांनी लिहिलं होतं, “पालकांना बरं दिसतं.” मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला अजून चीड येते.

आमच्या मोठ्या बाई, ऐकू येणाऱ्या. त्यांनी खुणेनं सांगितलं, “कर ना एकदा तसं. पास झालीस की कायम होशील.”

पाच वर्षं मी कायम व्हायची वाट बघत होते. केलं. चेहरा दगडासारखा, ओठांवर गोड हसू आणि ‘पोट दुखतंय’. बरोबरची हिरवी खूण आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रांगेत सुरगाण्याची एक पोरगी बसली होती. सात वर्षांची, नवीनच आलेली. तिनं मला हातानं विचारलं, “दुखलं तरी हसायचं?”

माझं डोकंच फिरलं. ही पोर उद्या खरंच कळवळेल आणि यांच्या भीतीनं हसत बसेल. मी बाईंना सांगितलं, मी म्हणते ते मोठ्यानं बोला, एक शब्द गाळू नका. “हे पास होणं मला नको. माझे हात त्या बाहुलीतून काढा.” बाई अडखळल्या. मी पुन्हा तेच सांगितलं. मग बोलल्या.

आता मला ठेवतील की काढतील, माहीत नाही. पण मी आहे तोवर माझ्या वर्गात ती बाहुली लागणार नाही. काढलं तर गेटबाहेर उभी राहीन, पालकांना एकेकाला गाठून सांगेन. आमची भाषा तपासायची असेल तर बहिरी माणसं तपासतील. साहेबांनी माझ्यासमोर बसावं. परीक्षा मी घेईन.