लाळ परत आली

"सर, आबांच्या तोंडाला पुन्हा लाळ येतेय," सिस्टर म्हणाल्या. मी चहा तसाच ठेवून वॉर्डात धावलो.

नव्वद सालच्या आसपास मी धुळ्यात मेडिकल ऑफिसर होतो. आबा पारोळ्याकडचे. वाऱ्याच्या तोंडावर उभं राहून कपाशी फवारली आणि औषध अंगावर घेतलं. आदल्या दिवशी आणलं तेव्हा तोंडातून लाळेची धार लागली होती, छातीत घरघर.

लाळग्रंथीच्या पेशीच्या आवरणावर रिसेप्टर असतात. दारावरच्या बेलचं बटण म्हणा. मज्जातंतूतून एक रसायन येऊन ते बटण दाबतं. पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं, आवरणातल्या बारीक वाटा उघडतात, क्षार बाहेर पडतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी. तीच लाळ. एरवी हे रसायन लगेच पुसलं जातं. कीटकनाशक त्या पुसणाऱ्यालाच निकामी करतं, मग बेल वाजतच राहते. फुफ्फुसांतही पाणी भरतं. त्यावरचं इंजेक्शन, ॲट्रोपिन, त्या बटणावर ठाण मांडून बसतं. पेशंटचं तोंड कोरडं पडलं की आमचा जीव भांड्यात पडतो.

आबांचं तोंड कोरडं पडलं होतं. सकाळी पाण्यासाठी ते माझ्यावर डाफरलेसुद्धा. त्यांच्या बायकोला मी म्हणालो, "अक्का, वाचले आबा." काय घाई होती मला, कोण जाणे.

आता पुन्हा घरघर. आमचे वरिष्ठ, मोठे सर आले.

"डोस?"

"बरोबर आहे, सर."

"कपडे?"

"सगळे काढले. अंगही साबणाने धुतलं."

सरांनी आबांच्या डोक्याकडे बोट केलं. डोक्याला रुमाल होता. फवारताना बांधलेला तोच, औषधाने भिजून वाळलेला, आणि आता घामाने पुन्हा ओला.

"हा कोणी बांधला?"

"मीच परत बांधा," अक्का म्हणाल्या. "भाऊबंद भेटाले येई ऱ्हायनात. उघडं डोकं ते सुतकमा ठेवतस."

रुमाल काढला, डोकं धुतलं, ॲट्रोपिन वाढवलं. पण विष टाळूवाटे आत गेलं होतं, छाती भरली होती. संध्याकाळी आबा गेले.

"औषध कमी पडनं का, डॉक्टरभाऊ?" अक्कांनी विचारलं.

"हो अक्का. आमचं औषधच कमी पडलं."

सर शेजारीच उभे होते. त्यांनीही मान डोलावली. मी ड्यूटी रूममध्ये जाऊन रडलो.

नुसतं "सगळे कपडे काढा" सांगून आमच्याकडे भागत नाही. डोक्यावरचा रुमाल कुणी कपड्यांत धरत नाही. तेव्हापासून फवारणीचा पेशंट आला की मी आधी त्याचं डोकं धुतो, घरच्यांदेखत वॉर्डातला स्वच्छ पंचा त्याला बांधतो, आणि रुमाल जाळायला पाठवतो.