देवीला बोललेली कोंबडी

कोंबडीला पिशवीत घालून मी पेणला डॉक्टरकडे निघाले, तेव्हा मिनीडोरमध्ये शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "विकायला काय गो?"

"नाय, दवाखान्यात."

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे, आणि पदर तोंडाला लावून गडब गाव येईपर्यंत हसत बसली. हस बाई, हस. तुला काय ठाऊक ही कोण ते. मी पिशवीत हात घातला. अंग तापलेलं होतं, आणि माझ्या तळहातावर मान टाकून ती गप्प पडली होती. एरवी पिशवीत कोंबली असती तर हिने सगळी गाडी डोक्यावर घेतली असती.

ही कोंबडी देवीला बोललेली. म्हणजे होती. ते सांगायचं तर आधी आमच्या ह्यांचं सांगावं लागेल.

हे रोह्याच्या एका कंपनीत होते. कासूला गाडीत बसायचे, रोह्याला उतरायचे, शिफ्ट संपली की परत. सगळी नोकरी अशीच गेली. निवृत्ती जवळ आली नि कावीळ झाली. गावठी औषध झालं, पथ्य झालं, शेवटी रोह्याला दवाखान्यात ठेवलं. मी रोज डबा घेऊन जायची, तोच स्टीलचा डबा जो ते कंपनीत न्यायचे. दोन घास खायचे नि झाकण लावून टाकायचे. एक दिवस झाकण उघडलंच नाही. त्या दिवशी मी कासूला उतरले ती घरी न जाता सरळ गावदेवीपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आई, ह्यांना घरी आण. तुला कोंबडं देईन."

आमच्याकडे असंच बोलतात. पोराचा ताप असो, परीक्षा असो, म्हैस हरवलेली असो, तोंडात पहिलं कोंबडं येतं. आणि नुसतं बोलून भागत नाही. कोंबडी आणायची, तिच्या पायाला लाल दोरा बांधायचा नि राखून ठेवायची. मग ती विकायची नाही, घरात कापायची नाही, जावई दारात आला तरी नाही. काम झालं की देवळात न्यायची. मी पेणच्या बाजारातून तलंग आणली, अजून अंड्यावर न आलेली, काळी कुळकुळीत. दोरा बांधला नि वाट बघत बसले.

हे घरी आले, पण चौघांनी उचलून.

दिवसकार्य उरकलं. मुलगी पुण्याला गेली, तिला तिचा संसार आहे, नोकरी आहे. घरात उरले मी, आणि पायात दोरा घेऊन अंगणात फिरणारी ती कोंबडी. अंगणापलीकडे मोठ्या जाऊबाई राहतात, म्हणजे ह्यांच्या चुलतभावाची बायको. त्या आल्या नि म्हणाल्या, "ती देवीला देऊन टाक गो."

"कशाबद्दल देऊ? काम केलं तिनं?"

"असं बोलू नये. राखलेली हाय ती."

माझ्या तोंडाला तेव्हा काही लगाम नव्हता. मी म्हटलं, "एवढी देवीची काळजी हाय ना, तर तुमचा बोकड द्या आधी, मग मला शिकवा!"

त्यांच्या दारात एक पांढरा बोकड बांधलेला असायचा, जीव होता त्यांचा त्याच्यावर. त्या गेल्या निमूट. पुढे काही दिवसांनी बोकड दिसेना, मला वाटलं विकला. विचारायला मी कशाला जाते? आमचं बोलणं तोवर 'पाणी आलं काय' नि 'लाइट गेली काय' एवढ्यावर आलं होतं. देवळावरून जायची वेळ आली तर मी मान फिरवून जायची.

देवीवर रुसले होते असं मी गावाला दाखवलं. आतलं दुखणं निराळंच होतं. त्या दिवशी मी कोंबडंच का बोलले? बोकड का नाही बोलले? एवढा धडधाकट माणूस परत मागते नि त्याच्या बदल्यात काय, तर कोंबडं! कमी बोलले म्हणून गेले, हे एकदा मनात शिरलं ते निघेचना. भाताला पाणी ठेवलं की तेच, कपडे वाळत घातले की तेच. कोणाला सांगायची सोय नाही. मुलीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "आई, बाबांचं लिव्हर गेलं होतं." अगं, ते मलाही कळतं. मी काय वेडी आहे?

कोंबडी मात्र राहिली. अंड्यावर आली. मग एका डोळ्यात पांढरं धरलं, पुढे दुसऱ्यावरही दुधावर साय येते तसं पातळ काही आलं. दाणे टाकले तर ही दाण्याच्या शेजारची माती टोचायची. उंबऱ्याला धडकायची. बाकीच्या कोंबड्यांना हे बरोबर कळलं, आणि त्या हिच्या डोक्यात चोची मारायला लागल्या. जात तशीच असते, नडलेल्याला आधी टोचायचं. मी चिडून बाकीच्या सगळ्या वाटून टाकल्या आणि हिला घरात घेतलं.

तिला नाव ठेवलं नाही. 'आंधळे' म्हटलं की मान वळवते, तीही भलतीकडेच. हाक मारून काही येत नाही, पण डब्याचं झाकण वाजवलं की येते. ह्यांचाच डबा. शिफ्टवरून आले की हे तो ओट्यावर ठणकन आदळायचे, आणि मी रोज ओरडायची, "फुटेल तो कडाप्पा!" आता तो आवाज मीच करते. संध्याकाळी झाकण ओट्यावर वाजवायचं, कण्या टाकायच्या, आणि ती येते भिंतीला घासत, एकदा दाराला, एकदा टेबलाच्या पायाला आपटत. तिच्याशी मी सगळं बोलते. भाजी महाग झाली ते, मुलीचा फोन आला नाही ते. ती ऐकून घेते, उलट उत्तर करत नाही. ह्यांच्यापेक्षा बरी, असं मी तिला सांगितलंसुद्धा आहे.

ती आजारी पडली ती पोपटीच्या दिवसांत. शेतात वालाच्या शेंगा भरलेल्या, रोज कुठून तरी शेंगा घालून भाजलेल्या मडक्याचा वास यायचा. हिच्या तुऱ्यावर आधी बारीक फोड आले, मग पापण्यांवर, आणि बघता बघता दोन्ही डोळे खपल्यांनी बंद. जेवढं अंधुक दिसत होतं तेही गेलं. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू चिकन खातेस. आणि कोंबडीला डॉक्टर?"

"ओळखीचं नाय खात मी," म्हटलं, आणि फोन ठेवला.

पेणचा डॉक्टर गाई-म्हशी बघणारा. हसला नाही, एवढे त्याचे उपकार. पापणी उचलून बघितली, डोळ्याला लावायचं मलम दिलं. म्हणाला, "मावशी, फोड आपोआप वाळतील. पण तोवर हिला काही दिसणार नाही, आणि दिसत नाही ते कोंबडी खात नाही. अशी उपाशी मरतात. तुम्ही भरवाल तर जगेल."

भरवेन म्हटलं. भरवायचं काम मला येतं. येत होतं, ज्याला भरवायचं त्याने तोंड मिटलं नाही तर.

कोमट पाण्यात कापूस भिजवून खपल्या ओल्या करायच्या, मलम लावायचं, मग तिला काखेत घट्ट धरून एका बोटाने चोच उघडायची आणि भिजवलेल्या कण्यांची गोळी आत सारायची. पहिल्यांदा ती थुंकायची. माझ्या साडीवर, भिंतीवर, ह्यांच्या फोटोवर. मी शिव्या घालायची नि परत भरवायची. घराला कोंबडीचा वास लागला. लागू दे, येतंय कोण वास घ्यायला?

मग एका दुपारी तिने गिळणंच सोडलं. गोळी आत गेली की चोचीच्या कडेने तशीच बाहेर. मी झाकण वाजवलं. एरवी कितीही दुखत असलं तरी त्या आवाजाला तिची मान हलायची. हलली नाही. परत वाजवलं. नाही. माझ्या हातात डब्याचं झाकण, समोर न उघडलेलं तोंड. मला रोह्याची ती खोली दिसली, खिडकीतून दिसणारा अष्टमी गावाकडचा पूल दिसला, आणि मी भान सुटल्यासारखी पडवीत येऊन देवळाच्या दिशेने ओरडले, "आई, एवढी हिला तरी ठेव! तुला कोंबडं देईन!"

बोलले आणि जीभ चावली. अगं बये, कोंबडीसाठी कोंबडं? पण शब्द गेला होता. मला हसू आलं, आणि हसता हसता असं रडू फुटलं की पडवीच्या खांबाला धरूनच बसले.

अंगणापलीकडे जाऊबाई सूप घेऊन उभ्या होत्या. "ऐकलं मी," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी वाटीभर पातळ पेज घेऊन आल्या, माझ्या हातून कोंबडी काढून घेतली, आणि चमच्याने थेंब थेंब तिच्या चोचीवर सोडत बसल्या. बऱ्याच वेळाने घसा हलला.

त्यानंतर ती सुधारत गेली. खपल्या सुटल्या, पापण्या उघडल्या. दिसायला आधी दिसायचं तेवढंच, म्हणजे आनंदच, पण एका सकाळी झाकण वाजवल्याबरोबर ती उठली आणि जाऊन दारावर आदळली. मला कोण आनंद झाला! तो चहा होईपर्यंतसुद्धा टिकला नाही. कारण लगेच मनात आलं, हिच्यासाठी एक कोंबडं बोलले, ते पुरलं. ह्यांच्यासाठीही एकच बोलले होते. म्हणजे मी कोंबडीच्या भावात नवरा मागितला होता.

तरी बोललेलं फेडायला हवं. पेणला जाऊन तुरेबाज कोंबडा आणला, दोन्ही डोळे लखलखीत. जाऊबाई म्हणाल्या, "मी येते." मी नको म्हटलं. तरी त्या आल्या. कित्येक महिन्यांनी देवळाची पायरी चढले. पुजाऱ्याने कोंबड्यावर पाणी शिंपडलं, त्याने अंग झाडलं. झाडलं म्हणजे देवीने घेतलं. पुजारी कोंबडा घेऊन देवळामागे गेला आणि आम्ही दोघी पायरीवर बसलो.

मग माझ्याच्याने राहवेना. देवीकडे बघूनच म्हटलं, "वैनी, मी बोकड बोलायला पायजे होता. ह्यांच्यासाठी. मी कमी बोलले."

जाऊबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "मी बोललेले."

"काय?"

"बोकड. भावोजींसाठी. ज्या दिवशी त्यांना रोह्याला नेलं त्याच दिवशी. तुला नाय सांगितलं, सांगू नये नवस."

मला आठवलं. तो पांढरा बोकड, दारात बांधलेला. आणि मी त्यांना काय बोलले होते ते.

"मग तो विकलात ना तुम्ही?"

"विकते कशाला? दिला देवीला. भावोजींचे दिवस झाल्यावर."

"पण काम कुठं झालं होतं?"

"बोलले तर मीच होते ना गो," त्या म्हणाल्या. "माझ्या बोकडानं पण नाय झालं. तू उगा कोंबडं घेऊन बसलीस."

देवळात तेव्हा आम्ही दोघीच होतो. मी वैनींच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि ह्यांच्यासाठी रडले. दिवसांतसुद्धा अशी रडले नव्हते, तेव्हा नुसता माझाच अपराध दिसत होता. वैनींनी उगी उगी केलं नाही. त्याही रडत होत्या.

घरी आल्यावर मी कात्री काढली. "धरा हिला, वैनी." लाल दोरा केव्हाचा मळून काळा झाला होता आणि थोडा कातडीत रुतला होता. जपून कापला. मग झाकण ओट्यावर वाजवलं, कण्या टाकल्या. आंधळी आधी वैनींच्या पायावर आदळली, मग भिंतीवर, मग आली.

वैनी त्या झाकणाकडे बघत होत्या. "भावोजींचा ना गो हा डबा?"

ह्यांच्याबद्दल कोणी काही विचारलं त्याला किती दिवस झाले होते.

"व्हय," मी म्हटलं. "आले की ठणकन ठेवायचे."

"आमच्याकडं ऐकू यायचा," वैनी म्हणाल्या. "मी त्या आवाजावर चहा टाकायची."