सोजरमावशीचा डबा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. घरात धान्यकोठीचा विषय निघाला की मी उठून बाहेर जायचो.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार. कुंभार पिंपळगावच्या बाजूचं आमचं गाव. मालक धान्यकोठीच्या उंबऱ्यावर उभे राहून वरून ज्वारी ओतायचे. खाली आम्ही, पदर नाही तर धोतराचा सोगा पसरून. दाणे मातीत सांडायचे, ते वेचायचे. भांडं आणायचं नाही. आमचं भांडं लागलं की माप बाटतं म्हणे.

कोठीतलं धान्य आमचंच. सुगीत मालक रोजच्या मजुरीच्या ज्वारीतून घरटी एक मापटं खळ्यावरच काढून घ्यायचे. उन्हाळ्यात तेच वरून पडायचं आणि आम्ही हात जोडायचो.

एका वाटपाला रांगेत माझ्या पुढं शेजारची सोजरमावशी होती. विधवा. लेक बाळंतपणाला आलेली. तिनं पत्र्याचा डबा पुढं केला.

मालक हसले. "काय सोजरे, दूध न्यायला आलीस का?"

"माझ्या घामाची जवारी हाय मालक. डब्यात घाला."

मालकांनी माप खाली ठेवलं. "हिला समजावा. न्हाई तर कोठीला कुलूप. सगळ्यायलाच."

 घरातली लेकरं डोळ्यांपुढं आली. मी मावशीच्या हातातला डबा हिसकला आणि फेकला.

"पसर की पदर, मावशे! आमचे लेकरं मारती का?"

डबा घरंगळत नालीत गेला. मालक म्हणाले, "शाब्बास."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. डबा उचलला, रिकामाच घेऊन गेली. मी सोगा पसरला.

बायकोनं त्यातली अर्धी ज्वारी तिच्याकडं पाठवली. ज्वारी तशीच परत आली, मावशीच्या निरोपासकट : "वरून पडलेली जवारी माझ्या लेकीला न्हाई घालायची."

त्याच ज्वारीची भाकर मी खाल्ली. भूक होती.

पुढच्या वाटपाला मीही डबा नेला. आधी पाठीमागंच धरला, मग पुढं केला. "डब्यात घाला, मालक."   कोठीला कुलूप लागलं. वस्ती उपाशी निजली. लोकांनी मला शिव्या घातल्या. पण आपलंच धान्य कुलपात गेलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं; पुढच्या सुगीत खळ्यावर कुणीच मालकांना मापटं दिलं नाही. ती ज्वारी साठवायला कणगी आमच्याच वस्तीत उभी राहिली.

तोवर मावशी लेकीकडं धावड्याला गेली होती. एकदा मी तिथं गेलो. चुलीपाशी तोच डबा, कडेला पोचा पडलेला.

"कसा आलास रे?"

"असाच. बाजाराला आल्तो."

इतक्या लांब बाजाराला कोण येतं? तिनं पाणी दिलं आणि समोर बसून राहिली. मी पाणी पिऊन उठलो.

आता मावशी नाही. माझी भीती अजून आहे. पण कुणापुढं सोगा पसरणार नाही, आणि भीतीपायी दुसऱ्या कुणाला पसरायला लावणार नाही.

धावड्याला गेलो त्या दिवशी एवढंच बोलायचं होतं : मावशे, तुझा डबा मी फेकला. उचलायलाही मी वाकलो नाही. माझं चुकलं.