बाबांच्या हाताची थाप

सगळ्यांना जयभीम. मी बी.एस्सी. आहे, विषय फिजिक्स. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी मान वर करून सांगते. भानामती, अंगात येणं... असलं कुणी बोलायला लागलं की मी उठून जायचे. म्हणून हे लिहिताना माझाच हात अडखळतोय. पण घडलं ते घडलं.

गाव हट्टा, तालुका वसमत. बाबांचा साउंडचा धंदा. स्पीकरचे बॉक्स ते स्वतः बनवायचे — जाड प्लायवूड, गोंद, स्क्रू, आत जुन्या गोधडीचा कापूस. बॉक्स बंद केला की बोटं मुडपून बाजूवर दोनदा ठोकायचे आणि कान लावायचे. फळी ठणठणली तर नापास. बद्द आवाज आला, की वरून तळहाताची एक थाप द्यायचे, बैलाच्या पाठीवर देतात तशी. थाप पडली म्हणजे बॉक्स पास.

मी हिशेब मांडून बॉक्स करायचे — वूफरला, म्हणजे जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरला, आत किती लिटर हवा लागते, भोक केवढं पाहिजे. फळी थरथरू नये म्हणून आतून आडवी पट्टी मारायचे. ती पट्टी बाबांना कधीच पटली नाही.

"काहून पोटात काड्या घालून राहिली त्याच्या? श्वास कोंडते ना, बाई, खोक्याचा."

"श्वास न्हाई बाबा, फळीची थरथर कोंडते. तेच तर पायजे."

"तुझ्या मास्तरनं कधी मिरवणुकीत बॉक्स वाजिवला का?"

मग माझ्या बॉक्सवर दोनदा ठोकायचे, "हं" म्हणायचे आणि निघून जायचे. थाप एकदाही दिली नाही.

एका पावसाळ्यात बाबा अचानक गेले. जयंतीसाठी विहाराला नवा बॉक्स द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. काका म्हणाले, "विकतचा आणू. पोरीच्या हातचा बॉक्स भर मिरवणुकीत फाटला, तर दादाचं नाव जाईल."

"मीच करणार," मी म्हटलं. "आन् पट्टी लावूनच करणार."

बोलले खरं... पण नाव बाबांचं होतं.

भर दुपारी अंगणात बॉक्स पुरा झाला. वूफर अजून बसवला नव्हता. वायर नाही, करंट नाही. आई ओसरीत पाठमोरी बसून तुरी निवडत होती. मी दोनदा ठोकलं. आवाज बद्द, घट्ट. पण थाप द्यायला हात उठेना. वूफर आणायला घराकडे वळले, उंबऱ्यात पाय ठेवला — आणि मागून थाप आली. भरीव, सावकाश. एकच.

आई मान न वळवता म्हणाली, "नको बाई तशी थाप देऊ. तुझे बाबाच आल्यावानी वाटते."

"आई... मी न्हाई दिली. मी इथं हाय."

तिनं बाजूला पाहिलं. मी उंबऱ्यात, दोन्ही हात मोकळे. अंगणात बॉक्स एकटा. फाटकाला आतून कडी. आई सूप खाली ठेवून उठली, बॉक्सजवळ गेली, त्यावर हात ठेवला.

"बघा, केलं का न्हाई तुमच्या पोरीनं?"

कुणाला म्हणाली, ते मी विचारलं नाही.

उन्हानं प्लायवूड ताणलं जातं, सांधे कडकडतात, हे मला ठाऊक आहे. तोच बॉक्स नंतर कितीदा उन्हात ठेवून पाहिला. कडकडण्याचा आवाज बारीक, कोरडा असतो, हातासारखा नसतो. आणि हेही सांगते, कारण खोटं लिहायचं नाही — बॉक्सवर भुसा बसलेला होता, त्यात पंजाचा ठसा नव्हता. आईनं हात ठेवला तेव्हा पहिला उमटला.

जयंतीला बॉक्स वाजला. मिरवणूक संपेपर्यंत फळी हलली नाही. काका बराच वेळ गाडीवरच्या त्या बॉक्सवर हात ठेवून चालत होते.

त्यानंतर मी पुष्कळ बॉक्स केले. दोनदा ठोकते आणि थांबते. पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही. फिजिक्समध्ये याचं उत्तर मला सापडलं नाही, बाहेर शोधायला मी गेले नाही. थाप मात्र मी स्वतः देत नाही. तो मान अजून त्यांचाच आहे.