कुणी कुणाला झोपवलं असतं

कॅम्पातल्या आमच्या सलूनमध्ये रविवारी दाढ्या कमी आणि वाद जास्त होतात. काल विषय होता, एकेकाळी हेवीवेट बॉक्सिंग गाजवलेले आमचे दादा आजच्या चॅम्पियनसमोर टिकले असते का.

"दुसऱ्या राउंडला झोपवलं असतं दादांनी त्याला!" बाकावरचा एक जण म्हणाला.

शेजारचा उसळला, "हॅट! आजच्या पोरांची उंची बघ, वजन बघ. दादांचा भुगा झाला असता."

दादा तिथेच खुर्चीत बसले होते, गालांना फेस लावून. त्यांची मान सतत लटलटते. उमेदीत डोक्यावर झेललेल्या ठोशांचं ते फळ. सलूनवाल्याने डाव्या तळव्यात त्यांचं डोकं धरलं होतं. थरथर ओसरली की तो वस्तरा एकदा फिरवायचा आणि पुन्हा थांबायचा.

माझं टाळकंच सरकलं. आरशात सगळं दिसत असताना हे दोघे त्या माणसाला पुन्हा रिंगणात ढकलत होते! आपल्याला माणूस नकोच असतो. त्याचा ठोसा तेवढा हवा असतो, तोही दुसऱ्याच्या डोक्यावर पडलेला.

"दादा, तुम्हीच सांगा, कोण जिंकलं असतं?" बाकावरच्या पहिल्याने विचारलं.

वस्तरा थांबला. दादा आरशात बघतच म्हणाले, "त्या पोराला म्हणावं, जमतंय तोवर दाढी स्वतःच्या हातानं करून घे."

दोघे खो खो हसले. "बघ, दादाच जिंकले!" म्हणत पहिल्याने टाळीसाठी माझ्यापुढे हात केला.

मी माझी वळलेली मूठ मांडीखाली दाबून धरली.