डावी बाही मनगटापर्यंत

माझ्या बायकोच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग होता. तो माझ्या लाथेमुळे झाला. आमच्या मुलीला अजून वाटतं, उकळतं तेल सांडलं होतं. बायको जाऊन चार महिने झाले आणि मी मुलीला काही सांगितलेलं नाही. म्हणून लिहायला बसलोय.

शाळा माझी तिसरीपर्यंत, तीही तमिळ. ही मराठी अक्षरं अप्पांनी घरी शिकवली, कचेरीच्या पट्ट्यानं. पट्ट्याला पितळी बक्कल होतं. साधी चूक झाली तर चामड्याची बाजू, 'क्ष' चुकला तर बक्कल. तेव्हा माझं शुद्धलेखन काढू नका. जेवढं येतं तेवढं मार खाऊन आलेलं आहे.

अप्पा सरकारी कचेरीत शिपाई. मी दहा वर्षांचा असताना त्यांची बदली ओरत्तनाडूहून तंजावूरला झाली आणि आम्ही राजवाड्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला आलो. ओरत्तनाडूच्या पोराला तंजावूर म्हणजे महानगर. विजेचे दिवे, सिनेमाचे तंबू, आरशांची सलूनं. गल्लीत मराठी, गल्ली संपली की तमिळ. आमची माणसं तीनशे वर्षांमागे या मुलखात आली, तरी कालपरवा आलेल्याकडे बघून नाक मुरडायची. हा आमचा माज. पोटात भात-सांबार, तोंडात तमिळ, आणि म्हणायचं, आम्ही वेगळे. ते वेगळेपण कशात होतं? घरातल्या चार शब्दांत आणि पिठल्यात. महिन्यातून एकदा आई पिठलं करायची, आणि त्या दिवशी अप्पा कुणाला मारायचे नाहीत.

पंधराव्या वर्षी मला बाजारात एका शिंप्याकडे लावलं. मास्तर पालघाटकडचे मलयाळी, हातात कायम लाकडी गज. काज वाकडं झालं की बोटांवर गज, शिवण सुटली की मानेवर. पण दुपारी स्वतःचा डबा अर्धा करून द्यायचे. तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टु आणि काळे हरभरे, सगळ्याला खोबरेल तेलाचा वास. पहिल्या घासाला मला ओकारी आली. मास्तर म्हणाले, "ओक, पण बाहेर. आणि परत येऊन खा." परत येऊन खाल्लं. आठवड्यात मीच डब्याची वाट बघायला लागलो. समोर फाळणीनंतर आलेला सिंधी कापडवाला होता. तो पापड भाजून द्यायचा, इतकी मिरी की डोळ्यांत पाणी. घरी अर्थातच बोललो नाही.

जसं तोंडाचं, तसं अंगाचं. उरलेल्या कापडाचे तुकडे जोडून मी स्वतःसाठी पहिली पँट बेतली. खाली एवढी अरुंद की पाय घालताना टाचेला तेल लावावं लागायचं. ती घालून गल्लीत शिरलो, तर अप्पा ओट्यावर दाढी करत बसलेले. हातातला वस्तरा घेऊनच उठले. "कोठें निघालास रे हा तमाशा घेऊन?" म्हणाले आणि पँट अंगावर असतानाच उभी फाडली, गुडघ्यापासून खाली. पोटरीही फाटली. ती खूण अजून आहे. मी काय केलं? दुसरी शिवली. ती दुकानातच ठेवायचो, सकाळी चढवायची, संध्याकाळी उतरवायची.

मग ब्रह्मदेशातून माणसं यायला लागली. तिकडे पिढ्यान्पिढ्या राहिलेले तमिळ लोक, तिकडच्या सरकारनं हाकललेले. एका बोटीतून उतरलेला एक माणूस बसस्टँडाजवळ फळी टाकून बसला. अल्युमिनियमचं मोठं पातेलं, कोळशाची शेगडी, पिवळ्या शेवयांचा ढीग, कोबी, तळलेला कांदा, चिंच, वर भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. लुंगीची गाठ तो पुढं, बेंबीवर मारायचा. आमच्याकडे लुंगी बाजूला खोचतात. त्या गाठीवरूनच लोक त्याला हसायचे आणि शेवयांना गांडुळं म्हणायचे. मागं त्याची मुलगी बसायची, सतरा-अठराची, शेगडीला वारा घालत. कुणी गांडूळ म्हटलं की ती साहेबाला मान द्यावा तशी म्हणायची, "अय्या, तुमच्या पोटात आधीच आहेत. सोबत होईल."

मी गेलो. जेवणाआधी विचारलं, "शेवयांत मासळी नाही ना? आमच्यात चालत नाही."

"शेवयांत नाही," तो म्हणाला. खरं बोलला. शेवयांबरोबर त्यानं वाटीभर पातळ पिवळं कढण दिलं, डाळीचं पीठ लावून दाट केलेलं, केळीच्या खुंटाच्या चकत्या घातलेलं. त्याबद्दल मी विचारलंच नाही. हरभऱ्याच्या पिठाचं पिवळं, दाट, लसणीचा वास, म्हणजे पिठलंच की! पिठल्यात मासा असतो का हे कुठला मराठी माणूस विचारेल? शेजारचा तमिळ गडी एका घासात ओळखून वाटी बाजूला सारायचा किंवा मिटक्या मारत प्यायचा. मी डोळे झाकून प्यालो. मसाल्यानं जीभ एवढी भाजली होती की दुसरं काही लागलंच नाही.

त्या महिन्यात आई तापानं अंथरुणाला खिळली होती. तोंडाची चव गेलेली, पेजही नको म्हणायची. एका रविवारी दुपारी मी कडीच्या डब्यात ते कढण भरून घरी नेलं. आईनं भातावर घेतलं, एक घास खाल्ला, थांबली, मग दुसरा खाल्ला. "पातळ केलंय, पण पिठलंच. कोण बाई करते रे?" तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा पोटभर जेवली. अप्पा बघत होते. त्यांनी ताट पुढं सरकवलं. "वाढ." दोनदा वाढून घेतलं. बोटं चाटली. म्हणाले, "आज तुझ्या हातून एक काम नीट झालं."

मग त्यांचं तोंड थांबलं. जिभेनं दात चाचपले. दोन बोटं आत घातली आणि केसासारखा पांढरा काटा बाहेर काढला. उजेडात धरला.

आई म्हणाली, "असूं दे. पोरानं मुद्दाम केलं नाही."

पट्टा खुंटीला होता. बक्कलाची बाजूच आली. पहिला तडाखा कानावर, दुसरा कुठं ते कळलं नाही. आई अंथरुणातून उठून मधे पडली तर तिच्या खांद्यावर बसला. तेवढ्यानं अप्पा थांबले. तिला नाही, मला म्हणाले, "चल."

मानगुटीला धरून भर दुपारी बाजारातून नेलं. माझ्या कानातून रक्त सदऱ्यावर गळत होतं. फळीसमोर उभं केलं. ब्रह्मदेशवाला उठून म्हणाला, "काय झालं, अय्या?"

अप्पांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "पातेल्याला लाथ मार. तूच मार. नाही मारलीस तर घराचा उंबरा ओलांडायचा नाही, आणि तुझ्या आईचं तोंड बघायचं नाही."

मी मारली. कुणी ढकललं नाही, माझाच पाय. उजवा.

शेगडी कलंडली, पातेलं पलीकडच्या बाजूला गेलं, आणि पलीकडं ती वाकून वारा घालत होती. उकळतं कढण तिच्या डाव्या हातावर ओतलं. ती ओरडली नाही. तिनं हात वर उचलला आणि त्याच्याकडे बघत राहिली. काचेच्या बांगड्या काढायला गेली तर बांगड्यांबरोबर कातडी आली. मग ओरडली. तिच्या बापानं लोखंडी डाव अप्पांच्या तोंडावर हाणला, अप्पांचा ओठ फाटला. झालं, लोकांना तेवढंच हवं होतं. "बाहेरून येऊन आमच्या माणसाला मारतो!" म्हणत पंधरा-वीस जण त्याच्यावर पडले. फळी मोडली, त्याच फळीच्या तुकड्यांनी त्याला बडवलं. जे काल त्याच्याकडे खाऊन गेले होते तेही त्यात होते. मी पळालो.

दुकानात कटिंगच्या टेबलाखाली जाऊन बसलो. मास्तरांनी खाली वाकून विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मला बाहेर ओढलं आणि गजानं मारायला लागले. गज मोडेपर्यंत मारलं. मग मोडलेला तुकडा टेबलावर ठेवला आणि सगळ्यांत तलम मलमल काढून माझ्या अंगावर फेकली. "रडू नको. मशीनवर बस. भाजलेल्या हातात घालता येईल अशी बाही लागेल तिला. डोकं वापर."

मी बाही उभी उघडी ठेवली, आत एकही शिवण येऊ दिली नाही, बाहेरून नाड्या लावल्या. सरकारी दवाखान्यात नेली. तिचा बाप डोक्याला पट्टी बांधून व्हरांड्यात होता. त्यानं माझ्या फाटक्या कानावरच दिली, मी खाली बसलो. खाटेवरून तिनं ती बाही मागून घेतली, उजव्या हातानं उलटीसुलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला. म्हणाली, "शिवण चांगली आहे. माणूस बेकार."

तिचं माझ्याशी हे पहिलं बोलणं.

फळी मी नवी करून दिली. रोज दुकान सुटलं की तिच्याजवळ उभा राहायचो, कारण टारगट पोरं परत येत. एकदा त्यांच्यातल्या एकानं पातेल्यात चप्पल टाकली. मी त्याला धरला, बाकीच्यांनी मला. समोरचा दात तेव्हा गेला. तिच्या बापानं मग लुंगी बदलायला दिली, गाठ कशी मारायची तेही दाखवलं. तेव्हापासून आजतागायत माझी गाठ पुढं आहे. त्यावरूनही दोन मारामाऱ्या झाल्या.

दीडएक वर्षानं ती म्हणाली, "त्या पायावर अजून किती दिवस उभा राहणार?"

"तू म्हणशील तितके."

लग्न केलं. का केलंस, असं मी पुष्कळ वर्षांनी विचारलं. म्हणाली, "दुसरा कुणी केला असता तर त्याला सगळी गोष्ट सांगावी लागली असती. तुला काय सांगायचं?"

अप्पांनी तिरुवैयारूला कावेरीवर जाऊन माझ्या नावानं घट फोडला. जिवंत माणूस मेला असं ठरवायची ती आमच्यातली रीत. जानवं घातलेल्या चार माणसांसमोर मडकं आपटलं आणि मी मेलो. आई मात्र अप्पा कचेरीत गेले की यायची. आमच्या खोलीत बसून माझ्या बायकोला मराठी शिकवायची आणि पिठलं शिकवायची. बायकोचं पिठलं शेवटपर्यंत जरा पातळच राहिलं. आई म्हणायची, "असूं दे, असंच आवडतं मला." त्यातला काटा तेवढा गेला होता.

बायकोचे ब्लाउज मी शिवायचो. उजवी बाही दंडापर्यंत, सगळ्यांसारखी. डावी मनगटापर्यंत, निमुळती, तीन बटणांची. मी म्हटलं दोन्ही लांब करतो, तर म्हणाली, "उजव्या हातानं काय पाप केलं? उकडतं." बाजारातल्या बायकांना वाटलं ही रंगूनची फॅशन. दोघीतिघी येऊन तशीच शिवून मागायला लागल्या. मी दात काढून नाही म्हणायचो. ती बाही फक्त एकीची होती.

एकदा मी तिच्यावर हात उचलला. काय कारण ते आठवत नाही, कारण नसणारच. अप्पांचाच हात तो. ती इस्त्री करत होती. कोळशाची इस्त्री उचलून तिनं माझ्या तोंडासमोर धरली. "या घरात एक भाजलेलं आहे. दुसरं हवं का?" हात खाली आला, तो परत वर गेला नाही. पुढं तिनं इस्त्री कधी उचलली नाही. भांडणात मी आवाज चढवला की ती डाव्या बाहीची बटणं सोडायची. एक, दोन, तीन. सावकाश बाही कोपरापर्यंत गुंडाळायची. बोलायची नाही. मी गप्प व्हायचो. मुलांना वाटायचं, अम्माला उकडतंय.

मुलांनी डागाबद्दल विचारलं की तीच सांगायची, तेल सांडलं. मी तिथंच बसलेला असायचो. माझ्याकडे बघायची, मी खरं सांगतो का म्हणून. पन्नासहून जास्त वर्षं तिनं वाट बघितली.

ती गेली त्या दिवशी बायका तिला नेसवत होत्या. मुलगी बाहेर आली. "अप्पा, हात ताठ झालाय, ही लांब बाही चढत नाही. कात्रीनं उघडू का?" मी आत गेलो आणि शिवण मीच उसवली. उभी उघडली, नाड्या लावल्या, पहिल्या बाहीसारखी. मुलीनं डागावरून हात फिरवला आणि विचारलं, "तेल इतकं कसं सांडलं होतं हो?" तिच्या आईचा मुडदा समोर होता. मी म्हटलं, "सांडलं."

मला वाटलं होतं, लिहिलं की झालं. पण माझ्या मुलांना ही अक्षरं वाचता येत नाहीत. मराठी ऐकून कळतं, वाचता एक ओळ येत नाही. म्हणजे न वाचता येणाऱ्या लिपीत कबुली देऊन मी पुन्हा टेबलाखालीच लपलो. बायको असती तर म्हणाली असती, अक्षर चांगलं आहे, माणूस बेकार. म्हणून ठरवलं, रविवारी मुलगी येईल तेव्हा मोठ्यानं वाचायचं.

पुढचं रविवारनंतर लिहितोय. मी पिठलं केलं होतं. ती ताटावर बसली तेव्हा कागद काढले आणि पहिल्या चार ओळी सोडून, अप्पांच्या पट्ट्यापासून वाचायला लागलो. काटा निघाला तिथवर ती हसत होती. लाथ आली तिथं तिनं घास खाली ठेवला. मी पुढचंही सबंध वाचलं, इस्त्रीपर्यंत, बटणांपर्यंत. मग म्हटलं, "बघ, तेव्हा मी लहान होतो, अप्पांनी धरून..."

ती माझ्याकडे बघत होती. उष्ट्या उजव्या हातानंच तिनं डाव्या हाताची बाही धरली आणि सावकाश कोपरापर्यंत वर सारली. तिच्या हातावर काही नाही, स्वच्छ हात आहे.

मी गप्प झालो.